कोरडा खडक

बोट बेटाच्या धक्क्यावर आदळली, माणसं एकमेकांवर कलंडली आणि फिटरनं बायकोचा दंड धरला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पडू नये म्हणून सावरतोय. त्याचा अंगठा मात्र दंडाच्या आतल्या मऊ भागात पार हाडापर्यंत रुतला होता.

"पिशवी मांडीवर घे म्हटलं होतं ना?" तो हळू आवाजात म्हणाला.

"घेते."

"आता घेऊन काय? तळ भिजला."

"डबा वर आहे हो. डब्याला नाही लागलं पाणी."

त्यानं हात सोडला. तिनं दंड चोळला नाही. चोळलं की त्याला अजून राग यायचा.

वारा सकाळपासून कातावलेला होता. लाटांनी बोटीला दोन्ही गालांवर थोबाडत इथवर आणलं होतं आणि आता धक्क्याचे दगड त्यांच्या तावडीत सापडले होते. उतरताना सासूबाईंनी नातीचा हात घट्ट धरला. नात नऊ वर्षांची. नाव चांगलं होतं, पण घरात सगळे तिला ठकी म्हणायचे. आज तिचा वाढदिवस होता. काय हवं, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "बोटीत बसायचं. आणि आजीनं गायचं नाही. एक दिवस."

"नाही गाणार," आईनं सांगितलं होतं. "शब्द."

शब्द तर दिला; पण तो पाळणं तिच्या हातात नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, आणि ठकीलाही.

फिटर कारखान्यात यंत्रांचे भाग बसवायचा. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस. मारायचाही तसाच मापात. तोंडावर नाही, मनगटावर नाही. बायको घरी शिवणकाम करायची. तिनं आपल्या सगळ्या बाह्या कोपराखाली चार बोटं उतरवल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणायची, नवी फॅशन आहे. गल्लीतल्या दोघींनी तर हौसेनं तशाच बाह्या तिच्याकडून शिवून घेतल्या.

रागावला की त्याचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. तो उतरला की सासूबाई उठायच्या. मोरीचा नळ सोडायच्या, खाली रिकामी बादली ठेवायच्या आणि गायला लागायच्या. मधल्या खोलीची भिंत म्हणजे नुसती फळी, पलीकडे शेजारी. पाणी बादलीत धडधडायचं, त्यावर म्हाताऱ्या बाईचा भरदार आवाज, आणि त्या सगळ्याच्या खाली जे काही व्हायचं ते व्हायचं. मग नळ बंद. शेजारीण दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटायची. "तुमच्या सासूबाई काय गातात हो! घर कसं भरल्यासारखं वाटतं." कधी शेजारणीला शंका आलीच, तर सासूबाई दारातूनच सांगायच्या, "पाय घसरला तिचा. फरशी ओली होती."

यावर सासू-सुनेत कधी अक्षरही निघालं नव्हतं. सून लग्न होऊन आली, त्याच्या चौथ्या महिन्यात तिच्या वेळचं पहिलं गाणं झालं होतं, एवढंच.

मागच्या आठवड्यात मात्र निराळं घडलं. त्याचा आवाज उतरला, सासूबाई अजून गुडघ्यावर हात टेकून उठतच होत्या आणि ठकीनं कोपऱ्यात बसून डब्यावर झाकण बडवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. तोंड भिंतीकडे, ताल एकसारखा. त्या रात्री बरगडी दुखत होती म्हणून नव्हे, तर ते झाकण कानातून जाईना म्हणून ठकीच्या आईला झोप लागली नाही.

आज एक दिवस तसाच सरळ जावा. तिचं एवढंच मागणं होतं.

धक्क्यापासून थोडं पुढे खडकांची रांग होती. काळे, उन्हानं तापलेले खडक. मधेमधे भरतीनं सोडून गेलेल्या पाण्याची डबकी. पलीकडे वाळूवर पाच-सहा तरुण चेंडू खेळत होते. चहाची टपरी होती, तिच्या पुढ्यात चार बाकं. फिटरनं सावलीचा खडक निवडला, बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले.

"परतीची तिकिटं सांभाळ," त्यानं बायकोला सांगितलं. "चारही. मोजून घे."

तिनं मोजली. डबा उघडायला दोन्ही हात लागत होते म्हणून क्षणभर ठकीकडे दिली. "धर गं जरा."

एवढीच चूक.

खाणं झालं. फिटरनं चक्क एक विनोद केला. कारखान्यातला साहेब म्हणे दुपारी डुलक्या घेतो आणि यंत्र बंद पडलं की शांततेनं दचकून जागा होतो. सासूबाई हसल्या. ती हसली. किती हसायचं ते मापून हसली. ठकी डबक्याशी उकिडवी बसली होती.

"आई, बघ. चालली."

डबक्यात कागदाची होडी होती. शेजारी दुसरी, तिसरी. चौथी वाऱ्यानं उचलली होती आणि खडकाच्या कडेवरून खाली लाटांत भिरकावून दिली होती. पहिल्या होडीच्या पोटावर बोटीच्या कंपनीचा निळा शिक्का ओला होऊन पसरत होता.

फिटर उठला. अनवाणी पायांनी डबक्यापाशी गेला, वाकला, एक होडी उचलली. चिमटीतच तिचा लगदा झाला.

"इकडे ये," तो म्हणाला. आवाज उतरला होता.

ठकी आली. कुठे जाणार?

"मला वाटलं, नुसता कागद..."

त्यानं तिच्या वेणीला हात घातला. आजवर त्यानं लेकीला बोट लावलं नव्हतं. ठकीची मान मागे वळली, तोंड आभाळाकडे झालं, आणि तिच्या आईला स्वतःचे पाय हललेले कळलेच नाहीत. ती मधे होती, एवढंच कळलं. वेणीवरच्या हाताला तिनं दातांनी धरलं.

पहिला फटका कानशिलावर बसला. त्याचं माप आज चुकलं होतं. दुसऱ्यानं ती खडकावर आडवी झाली, तळहात शिंपल्यांच्या धारांवरून घासत गेला. मग लाथ. बरगडीवर, जुन्या जागी. पुन्हा तिथंच. तो काही बोलत नव्हता, नुसता नाकानं श्वास घेत होता, जड लोखंड यंत्रावर चढवताना घेतात तसा. तोंडात रक्ताची चव आली. डोळ्यांसमोर खडक होता आणि त्यावर एक इवलासा खेकडा, घाईघाईनं दुसरीकडे निघालेला.

आणि सासूबाई गायला लागल्या.

पाण्याच्या गं वाटेवर
कोण येतं, कोण जातं,
माझ्या गं लेकराचं
उन्हात तोंड सुकतं...

ही सवय. नळ नव्हता, बादली नव्हती, तरी आवाज आपला आपण उठला. चाळीस वर्षं, आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या वेळी, भिंतींना पांघरूण घालत आलेला आवाज. पण इथं भिंतच नव्हती. वाऱ्यानं तो उचलला आणि वाळूवर, टपरीवर, पार धक्क्यापर्यंत नेऊन टाकला.

चेंडू खेळणारे थांबले. टपरीच्या बाकांवरची माणसं माना वळवून बघू लागली. कुणीतरी हसून म्हणालं, "काय आवाज आहे आजींचा!" एक बाई कडेवर मूल घेऊन गाणं ऐकायलाच म्हणून चालत निघाली. एकानं फोन वर धरला. हसरे चेहरे घेऊन ती माणसं खडकाला वळसा घालून पुढे येत होती.

सुनेनं खालून पाहिलं. सासूबाईंनाही ती माणसं दिसली होती. गाण्याची ओळ मधेच तुटली. एक क्षण ती म्हातारी बाई नुसती तोंड उघडं ठेवून उभी होती. मग तिनं मुलाकडे पाठ फिरवली. येणाऱ्या माणसांकडे तोंड केलं, दोन्ही पाय खडकावर रोवले आणि मघापेक्षा दुप्पट मोठ्यानं गायला सुरुवात केली. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

फिटरची लाथ हवेतच राहिली.

"आई. बस झालं."

सासूबाई गातच राहिल्या, माणसं अगदी चार पावलांवर येईपर्यंत. मग थांबल्या. हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं. फोन खाली आला.

"काय करताय हो?" कडेवर मूल असलेली बाई म्हणाली.

फिटरनं केसांवरून हात फिरवला. बाहेरच्या माणसांशी तो फार आदबीनं बोलायचा. "काही नाही, ताई. घसरली ही. शेवाळ आहे ना इथं. उठवतच होतो. विचारा आईला."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सुनेनं डोळे मिटून घेतले. पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

"शेवाळ नाही इथं," सासूबाई म्हणाल्या. श्वास लागला होता त्यांना. "खडक कोरडा आहे. हात लावून बघा."

एक तरुण खरंच वाकला आणि त्यानं खडकाला हात लावला.

"आई, गप्प बस म्हटलं ना," फिटर त्यांच्याकडे सरकला. उंचपुऱ्या एका पोरानं त्याच्या छातीवर हात ठेवला. "काका, लांब." फिटरनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग जे झालं ते फार लवकर झालं. तिघे-चौघे त्याच्यावर पडले, बुक्क्यांचे आवाज आले, त्याला खडकावरून खाली ओढलं, वाळूत पालथं पाडलं. एकानं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला. त्याचं नाक फुटलं होतं, तोंडात वाळू गेली होती आणि तो खोकत होता.

असं कधी दिसलं तर बरं वाटेल, असं तिला वाटत आलं होतं. बरं वाटलं नाही. ती बाजूला ओकली.

टपरीवाली पाणी घेऊन आली. तळहातावर रुमाल बांधताना म्हणाली, "कुणाला फोन करू का, बाई? भाऊ, बहीण, पोलीस?"

ठकी आईच्या कुशीत शिरून बसली होती. ती रडत नव्हती. वाळूत दाबून धरलेल्या बापाकडे एकटक बघत होती. आईनं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

बोटीचा भोंगा झाला. तिघी धक्क्यावर गेल्या तेव्हा बोटीचा सारंग साखळीपाशी उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली असावी.

"तिकिटं?"

"भिजली," ठकी म्हणाली.

त्यानं तिच्या आईच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, रुमालातून झिरपणाऱ्या रक्ताकडे पाहिलं. "बसा."

मागून फिटरची हाक आली. चेंडूवाल्या पोरांनी त्याला उभं केलं होतं, पण दंड सोडले नव्हते. "आई! अगं, मला घेतल्याशिवाय निघालीस?"

सासूबाईंचं पाऊल फळीवर थबकलं. त्यांचा तो एकुलता एक मुलगा. सुनेला वाटलं, आता त्या वळणार. वळल्या तर त्यांना दोष कसा देणार? सासूबाईंनी एक हात पुढे केला. "धर गं," त्या सुनेला म्हणाल्या, "फळी हलते."

तिनं चांगल्या हातानं त्यांना आत घेतलं. सारंगानं साखळी लावली. "त्यांना पुढच्या फेरीला आणतो," तो म्हणाला. "तोवर डोकं निवेल."

बोट सुटली. लाटा पुन्हा आदळू लागल्या, तुषार तोंडावर येत होते, सुजलेल्या गालावर झोंबत होते. तिघी एका बाकावर बसल्या, मधे ठकी. ठकीचे डोळे मिटत चालले होते.

सारंग जवळून गेला तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवलं. त्यांचा आवाज पार बसला होता, नुसती फुंकर निघत होती. "दादा, पुढची फेरी कधी?"

"दोन तासांनी, आजी."

त्यांनी मान हलवली. मग सुनेकडे न बघता, समोरच्या पाण्याकडे बघत विचारलं, "दोन तासांत सामान किती बांधून होतं गं?"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कानात अजून गुंऽऽ होत होतं. ती म्हणाली, "माझं आणि ठकीचं? होईल. शिवणाची मशीन तेवढी जड आहे. एकटीला नाही उचलायची."

"तिघींचं," सासूबाई म्हणाल्या. "मशीनची एक बाजू मी धरीन."