काचेआडची प्रथम श्रेणी

भिंतीवर अगदी सरळ टांगलेली, पण मनातून पुरती वाकडी झालेली मी एक पदवी बोलते आहे. विज्ञान शाखा, विषय भौतिकशास्त्र, प्रथम श्रेणी, वय वर्षे चौतीस. माझ्या बोलण्यात मत्सर जागोजागी डोकावेल. तो लपवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. काचेआड राहणाऱ्याला काही लपवणे तसेही कठीणच असते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एकाच दिवशी, एकाच शाईत, माझ्यासारख्या शेकडो जणी जन्मल्या. नावाची जागा तेवढी सर्वांची रिकामी होती. वळणदार अक्षराच्या एका लेखनिकाने माझ्यावर एका तरुणाचे नाव लिहिले आणि मी इतरांहून वेगळी झाले. नेमकेपणाने सांगायचे तर माझे स्वतःचे असे माझ्यात तेवढेच आहे: एक नाव आणि एक श्रेणी.

त्या तरुणाचे वडील सुतार होते. त्यांना मला वाचता येत नव्हते, पण माझ्यासाठी त्यांनी सागवानाची चौकट स्वतः केली. कोपरे असे सांधले की फटीत नखसुद्धा शिरू नये. भिंतीवर मला लावून ते दोन पावले मागे सरले आणि मुलाला म्हणाले, "ही पन्नास वर्षं हलायची नाही. आता तू नोकरीत तेवढा टिकून दाखव."

ती नोकरीही चौकटीत बसण्याआधी मीच मिळवून दिली होती, निदान माझी तशी पक्की समजूत आहे. पाणीपुरवठा कार्यालयातल्या मुलाखतीत साहेबांनी त्याच्याकडे ओझरते आणि माझ्याकडे निरखून पाहिले. "फिजिक्स, फर्स्ट क्लास? मग विचारायचं काय आणखी!" एवढ्यावर मुलाखत संपली. पुढची तीस वर्षे त्याने अभिलेख कक्षात जलवाहिन्यांच्या जुन्या नोंदी सांभाळल्या. प्रकाशाचे नियम त्याला तिथे एकदाही लागले नाहीत. कुणी विचारलेही नाहीत. मी भिंतीवर होते, हे सर्वांना पुरेसे वाटत असावे.

त्या काळी माझा थाट काही औरच होता. शेजारच्या बाया मुलांचे कान धरून त्यांना माझ्यासमोर उभे करीत. "बघ मेल्या, असं काहीतरी लागलं पाहिजे आपल्या भिंतीवर!"

मग त्याचे लग्न झाले आणि ती आली. ती दहावी होती. पुढे शिकायची तिची इच्छा होती, पण त्या काळात अशा इच्छेला घरात "बघू" म्हणत, आणि बघत कुणीच नसे. दर आठवड्याला ती स्टुलावर चढून ओल्या फडक्याने माझी काच पुशी. मला ती आवडत असे, कारण ती माझी होती. अर्थात मी तिची नव्हते, हा भेद तेव्हा ना माझ्या लक्षात आला ना तिच्या.

कारण कुणीही "शिक्षण?" असे विचारले की ती फटकन म्हणे, "फिजिक्स, फर्स्ट क्लास." दवाखान्यात, बँकेत, नव्या शेजाऱ्यांपुढे, सगळीकडे हेच उत्तर. मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी कारकुनाने विचारले, "हे वडिलांचं झालं. आईचं काय लिहू?" ती म्हणाली, "आमच्याकडे तेच." कारकुनाने तेच लिहिले. घरी आल्यावर तिने ही गंमत सांगितली, तेव्हा नवराही हसला. त्यात काही गैर आहे असे कुणाला वाटले नाही. मला तर फारच बरे वाटले.

माझ्या मत्सराची सुरुवात मुलीपासून झाली. तीही पदवीधर होणार म्हणून वडिलांनी माझ्या शेजारी आधीच एक खिळा ठोकून ठेवला होता. मी धाकट्या बहिणीची वाट पाहू लागले. नवी आली की माझ्याकडे कोण बघणार, या काळजीने थोडी धास्तावलेही. परंतु ती आलीच नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, माझी डिग्री फोनमध्ये आहे. कुणी मागितली तर पाठवते." त्या खिळ्यावर शेवटी कॅलेंडर लागले. घरातले सगळे दिवसातून चार वेळा त्याच्याकडे बघत. माझ्याकडे चुकून बघितले, तर कॅलेंडरकडे वळता वळता. तारखा छापलेल्या कागदाबद्दल सवतीमत्सर वाटावा, हे मला शोभणारे नव्हते. पण तो वाटला.

पुढे नवरा निवृत्त झाला आणि त्याच सुमारास मुलीने तिचा जुना लॅपटॉप आईला दिला. "आई, टीव्हीवर मालिका संपली की तू सगळ्यांचे संवाद शब्दशः म्हणून दाखवतेस. तुझे कान तिखट आहेत. एक कोर्स आहे बघ." ज्या विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्राध्यापकांची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकून शब्दन् शब्द लिहायची, असे ते काम होते. कोर्स सहा आठवड्यांचा.

"सहा आठवड्यांत शिकतं का कुणी काही?" नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला. "आम्ही तीन वर्षं घासली तेव्हा कुठे हे मिळालं." आणि त्याने माझ्याकडे बोट केले. मी खूश झाले.

"त्यातलं आता आठवतं किती, बाबा?" मुलीने विचारले.

"तू जरा गप्प बस."

ती माझ्याच खाली टेबलाशी बसून शिकू लागली. कानांवर हेडफोन, बोटे कळांवर. काच पुसणे पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर. एके दुपारी तिने विचारले, "अहो, अपवर्तनांक म्हणजे नेमकं काय हो?"

"ते... प्रकाशाचं असतं काहीतरी. तुला नाही कळायचं," असे म्हणून तो पाणी प्यायला आत गेला, तो बराच वेळ आतच राहिला.

तिने यंत्रात शोधले, वाचले, मग काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात पेन्सिल उभी केली. पाण्यात शिरताच पेन्सिल मोडल्यासारखी दिसली. ती मान कलती करून, खाली वाकून, वरून, बाजूने पाहत राहिली आणि एकटीच हसली. ज्या विषयाचे नाव मी आयुष्यभर अंगावर वागवले, तो मला तेव्हा प्रथम दिसला. आणि तो माझ्यासाठी नव्हे, दहावी शिकलेल्या एका बाईसाठी घडत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कोर्स संपल्यावर तिलाही एक प्रमाणपत्र मिळाले. पातळ कागद, शिक्का नाही, सही छापील. मुलीने ते छापून आणले, तर आईने ते औषधांच्या चिठ्ठ्यांच्या फायलीत सारून दिले. ना चौकट, ना खिळा! त्या चिटोऱ्याला भिंतीची गरजच वाटू नये, हे मला सर्वांत जास्त झोंबले.

मग कामासाठी मुलाखत ठरली, शनिवारी दुपारी, लॅपटॉपवरच. ती नवऱ्याला म्हणाली, "हे जमलं तर जमलं. नाहीतर लॅपटॉप पोरीला परत देऊन टाकते. पण एकदा माझ्या नावावर काहीतरी होऊ द्या." वेळ होताच नवरा वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार मात्र उघडे ठेवले.

उजेड चांगला येतो म्हणून ती भिंतीकडे पाठ करून बसली. पडद्यावर चष्म्यातल्या एक मॅडम होत्या. त्यांनी नाव विचारले, अनुभव विचारला, आणि मग सहज म्हणाल्या, "शिक्षण?"

"फिजिक्स, फर्स्ट क्लास."

अठ्ठावीस वर्षांची सवय. जीभ मनाच्या आधी धावली.

"अरे वा! मग आमची विज्ञानाची व्याख्यानं तुम्हालाच लिहायला देता येतील. मागे तीच डिग्री लावलीय का? जरा जवळ धरता?"

तिने मला खिळ्यावरून उतरवले. किती वर्षांनी मला कुणी वाचायला मागितले होते! तिचे हात घामेजलेले होते, ते मला चौकटीवर जाणवले. तिने मला पडद्यासमोर धरले आणि वरच्या कडेवरून खाली पाहताना तिची नजर नावावर पडली. चूक तिला तेव्हा कळली.

"काचेवर उजेड चमकतोय, नाव काही दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण असू दे. पुढे जाऊ या."

मी मनोमन ओरडले: गप्प बस! आता पुन्हा एक नोकरी माझ्यामुळे मिळेल. तू लिही, तू कमाव, पण श्रेय माझे राहू दे. एवढेच कर, बाई, गप्प बस.

"थांबा, मॅडम," ती म्हणाली. "ही माझी नाही. यांची आहे. कुणी शिक्षण विचारलं की यांचंच सांगायची सवय लागलीय हो मला. मी दहावी. आणि तुमचा तो सहा आठवड्यांचा कोर्स. बस्स."

आतल्या खोलीतले वर्तमानपत्र सळसळायचे थांबले. मॅडमनी समोरच्या नोंदीत काहीतरी खोडले. मग म्हणाल्या, "दहावी चालते आम्हाला. कोर्स केलेलं कुणीही चालतं. तीन मिनिटांचं व्याख्यान लावते, ऐकून लिहा."

तिने मला टेबलावर आडवे ठेवले आणि लिहू लागली. व्याख्यान घर्षणावर होते. मध्येच प्राध्यापक फळ्याकडे वळून काहीतरी पुटपुटले. तिने तो तुकडा तीनदा ऐकला आणि कंसात लिहिले, 'येथे ऐकू आले नाही.' मला हर्ष झाला. फसली, असे मला वाटले.

मॅडमनी वाचले. "सकाळपासून चार जणांनी लिहून दिलं हे. चौघांनीही इथे अंदाजाने शब्द घातला, आणि चौघांचाही चुकला. ज्याला ऐकू येत नाही, त्याला चूक कळणार कशी? सोमवारपासून सुरू करा. आणि तेवढी मागची भिंत मोकळी ठेवा, काच फार चमकते."

नवरा बाहेर आला. मला उचलून त्याने उगाच बाहीने पुसले. "बोलली नसतीस तर त्यांना कळलं नसतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कळलं असतं ना."

"इतकी वर्षं माझंच सांगत आलीस."

"मग तुम्ही तरी कुठे अडवलंत?"

तो ओशाळून हसला. मला तो आत घेऊन गेला आणि त्याने कपाटाला टेकवून जमिनीवर ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे. उघड्या दारातून बाहेरचे सगळे दिसते, गुडघ्यांच्या उंचीवरून.

ती रोज चार तास लिहिते. पहिल्या महिन्यात नवरा तिला चहा देण्याच्या निमित्ताने मागे घुटमळे. मग खुर्ची ओढून बसू लागला, एक हेडफोन तिचा, एक त्याचा. कालपरवा तो घसा खाकरून म्हणाला, "ते फिजिक्सचं प्राथमिक असं काही असतं का गं त्या कोर्सांमध्ये?"

"असतं की. कुणाला हवंय?"

"आहे एक निवृत्त माणूस."

ती हसत लॅपटॉप घेऊन आत आली आणि पलंगावर बसून त्याचा अर्ज भरू लागली. नाव. वय. "पातळी विचारतायत. जाणकार, मध्यम की नवशिका?"

त्याने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. चौतीस वर्षांत त्याने मला असे कधी न्याहाळले नव्हते.

"नवशिका," तो म्हणाला. "आणि तोंड फिरवून हसू नकोस."

"बरं. आणि शिक्षण काय लिहू?"

"ते राहू दे जरा. नंतर भरू."

तो रकाना अजून रिकामा आहे. वाचकहो, भिंत मी आता मागत नाही. गुडघ्यांच्या उंचीची सवय होत आली आहे. तो पुन्हा शिकतो आहे, तिच्याकडून शिकतो आहे, याचा मला भयंकर हेवा वाटतो आणि तो जाईल असे खात्रीने सांगता येत नाही. पण कुणाला त्या दोघांशी बोलता आले, तर माझी एवढी विनंती पोहोचवावी: तो रकाना भराल तेव्हा त्यात मला लिहा. 'प्रथम श्रेणी' गाळली तरी चालेल.