रोग दाखवणारी कांडी

आरोग्य मंत्रालयाच्या सभागृहात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. साथ आली तर देशाने काय करायचं, याची योजना ठरवायची होती. असल्या बैठकीकडे एरवी कोणी फिरकत नाही. आज मात्र अधिकारी खुर्च्यांवर चढून पाहत होते.

मधोमध ‘कर्नल’ उभा. फौजेत तो कधीच नव्हता, फौजी होत्या त्या फक्त मिशा. हातात काळी मूठ, तिला जोडलेली लांब तार.

“प्रत्येक रोगाची एक लहर असते, साहेब! आमची कांडी ती पकडते. सुई नको, रक्त नको, प्रयोगशाळा नको. मन तेवढं शुद्ध हवं!”

टेबलावर तापाच्या रोग्याच्या रक्ताची सीलबंद नळी होती. कर्नल जवळ येताच तार गर्रकन तिकडे वळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग मंत्रीसाहेबांनी कांडी धरली, त्यांच्याही हातात ती वळली.

“अरे, ही खेचतेय मला!” ते लहान मुलासारखे ओरडले.

मी साथ नियोजन विभागातला अधिकारी. आमच्या विभागप्रमुख डॉक्टरीणबाई माझ्या शेजारून उठल्या. “नळी झाकून ठेवू या. मग शोधू दे.”

“बाई, संशय आला की लहर मरते,” कर्नल म्हणाला. अख्खं सभागृह हसलं.

योजनेतून बंदरांवरच्या प्रयोगशाळा गेल्या, आजाऱ्यांना वेगळं ठेवायच्या खोल्या गेल्या. त्यांच्या जागी कांड्या आल्या.

आणि मग एका जहाजातून साथ आली.

बंदरावरच्या पहारेकऱ्याने उतारूंवर कांडी फिरवली. जहाजाचा स्वयंपाकी धडधाकट दिसत होता, तार हलली नाही, तो शहरात गेला. त्याच्यामागे एक तरुण आई होती, प्रवासाने मलूल झालेली. तार तिच्याकडे वळली. कडेवरचं बाळ नवऱ्याकडे देऊन तिला आत नेलं. वेगळी खोली नव्हतीच, म्हणून तिला जहाजावरच तापाने पडलेल्या खऱ्या रोग्यांमध्ये ठेवलं.

बाई आणि मी तिथे गेलो तेव्हा ती तापाने फणफणत होती.

“उतरले तेव्हा मला काही नव्हतं हो, डॉक्टर. इथेच लागलं. खरं ना?”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या.

“मग मला आत का घातलं?”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. ती वाचली नाही. फाटकाबाहेर नवरा बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. माझा चेहरा पाहताच त्याने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

स्वयंपाकी ज्या गल्लीत उतरला होता, तिथे तोवर घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली होती.

घाबरलेल्या मंत्रीसाहेबांनी आणखी कांड्या मागवायला बैठक बोलावली. बाई त्या पहारेकऱ्यालाही घेऊन आल्या. टेबलावर त्यांनी सारखे पत्र्याचे डबे मांडले.

“एकात नळी आहे. कुठल्या, ते मलाही ठाऊक नाही. ठेवणारा बाहेर उभा आहे. शोधा.”

“आज हवा जड आहे…” कर्नल पुटपुटला.

“शोधा!” मंत्रीसाहेब कडाडले.

तार एका डब्यावर थांबली. रिकामा. डबे पुन्हा मांडले. रिकामा. पुन्हा, आणि पुन्हा रिकामाच. बाईंनी मुठीचा स्क्रू फिरवून ती उघडली. आत काही नव्हतं. साधी बॅटरीसुद्धा नाही.

“पण बाई,” पहारेकरी कळवळून म्हणाला, “माझ्या हातात ती खरंच वळत होती!”

“वळणारच. तार सैल बसवलीय. मनगट जरासं कललं की फिरते. जिथे रोग असेल असं मनाला वाटतं, तिकडे मनगट नकळत कलतं. तुम्हाला ते कळलं नाही. या कर्नलला पहिल्यापासून ठाऊक होतं.”

“म्हणजे ती बाळाची आई…” पहारेकऱ्याने आपली कांडी टेबलावर टाकली.

“हे बाहेर जाता कामा नये,” मंत्रीसाहेब हळूच म्हणाले.

“लोक अजून कांडीवर विसंबून आहेत, साहेब. आजच सांगायला हवं,” बाई म्हणाल्या.

कर्नलला पोलिसांनी नेलं. बाई थेट बंदरावर गेल्या आणि त्यांनी जमलेल्या लोकांना सगळं सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारे आजोबा चिडून म्हणाले, “कांडी पण काढून घेतलीत! आता आम्हाला वाचवणार कोण?”

“आपणच, आजोबा. ताप लपवू नका, तपासून घ्या. आजाऱ्याला वेगळं ठेवा, पण वाऱ्यावर सोडू नका. आमच्याकडे प्रयोगशाळा मागा, खोल्या मागा, मिळेपर्यंत मागत राहा. आणि उद्या कोणी चमत्कार घेऊन आला, तर तो आधी पारखून घ्या. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानू नका. माझंसुद्धा नाही.”