मेणबत्तीपुढचा हात

रामकृष्णांनी टॉवेलाची गाठ सोडली आणि तसबीर पाटावर, भिंतीला टेकवून ठेवली. काचेआडच्या कागदाच्या कोपऱ्यात कुंकवाचा पुसट डाग अजून होता.

"बाबा, हे तर आपल्या दार्सैतच्या घरातलं, हॉलमधलं," सई म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. आज त्याची पाचवी. मस्कतजवळच्या सीबमधल्या या फ्लॅटमध्ये पुजायला पाटा-वरवंटा नव्हता, आणि कसं करायचं ते सांगायला सईची आई, सुगंधाही उरली नव्हती. मिक्सरचं भांडं मांडू का, असं जावयाने, धनेशने, सकाळी फोनवर चेष्टेत विचारलं होतं. तेव्हापासून रामकृष्णांना हे चित्र आठवत होतं. न्यावं की नाही, या विचारात त्यांनी दोन टॅक्सी सोडल्या होत्या.

सई झाली तेव्हाही घरात पाटा नव्हता. सुगंधाने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान काढून पाटावर मांडलं. लाल कपड्यातली बाळंतीण, मांडीवर घट्ट गुंडाळलेलं बाळ, आणि शेजारी मेणबत्तीसमोर हात आडवा धरून बसलेली दुसरी बाई. पानापुढे तिने कोरा कागद आणि पेन ठेवलं. त्या दुसऱ्या बाईला कुंकू लावायला तिने बोट पुढे केलं आणि रामकृष्ण दारातून हसले. अगं, हा ला तूर, सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार. यात देवीबिवी कुणी नाही, बघायचा तो उजेड. ऑफिसात चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस त्या दिवशी उजेडावर बराच वेळ बोलला. सुगंधाने बोट पानाच्या कोपऱ्याला पुसलं आणि कागद-पेन उचलून ठेवलं.

पुढे त्यांनी ते पान फ्रेम करून आणलं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त तिन्हीसांजेला त्याच्यासमोरून जाताना पदर सारखा करायची.

धनेशने समई लावली. सई मान वाकडी करून चित्र बघत होती.

"ही आई, ओके. पण ही दुसरी कोण? नर्स?"

"बाबांना विचार, फुल लेक्चर मिळेल," धनेश म्हणाला. "यल्ला बाबा, होऊन जाऊ दे."

शतक, देश, चित्रकाराचं नाव, सगळं रामकृष्णांच्या ओठांवर येऊन थांबलं. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला आणि घडी उलगडून तसबिरीपुढे ठेवला. त्यावर आपलं शाईचं पेन, टोपण काढून. मग कुंकवात बोट बुडवून त्या दुसऱ्या बाईच्या कपाळावर, काचेवर, टेकवलं.

"सटवाई," ते म्हणाले. "दिवा जरा जवळ घे, सई. तिला लिहायचंय."