नमुन्याची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी म्हणते खरी, पण मित्रांनो, माझ्यावर आजवर एकही आजारी माणूस बसलेला नाही. ते कसं, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका गल्लीतल्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये झाला. मालक वेल्डर होता. सगळे त्याला दादा म्हणत. त्याची बायको, म्हणजे साऱ्या गल्लीची वहिनी, खुर्च्यांच्या बैठका शिवायची. काम इतकं कमी झालं होतं की हाताखालच्या दोन कारागिरांना घरी पाठवायची वेळ आली होती. अशात एके दिवशी दादाची धाकटी बहीण धापा टाकत आली. सरकारी इस्पितळाला शेकडो चाकांच्या खुर्च्या हव्या होत्या आणि त्यांनी सगळ्यांकडून प्रस्ताव मागवले होते. सोबत एक नमुनाही द्यायचा होता.

बहीण स्टुलावर बसून प्रस्तावाच्या अर्जातले प्रश्न वाचू लागली. “तुमच्या संस्थेची रचना कशी आहे?”

“रचना कसली? मी पुढे, ही मागे आणि मधे गॅसचा सिलिंडर,” दादा म्हणाला.

वहिनीला हसू आवरेना. बहीण मात्र हसली नाही. “दादा, ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, ते लोक हे वाचून ठरवणार आहेत. आता हे ऐक. तू आजारी पडलास तर खुर्च्या वेळेवर कोण देणार?”

 असा विचार दादाने कधी केलाच नव्हता. मग तो उठला आणि शेजारच्या लेथवाल्याकडे गेला. गाडी लावण्यावरून दोघांचं कधीचं वाकडं होतं, तरी आपण आजारी पडलो तर काम पुरं करशील का, असं दादाने त्याला विचारलं.

“भांडण गाडीचं आहे, कामाचं नाही. लिही माझं नाव,” लेथवाला म्हणाला.

त्यानंतर वर्कशॉपचं रूपच पालटलं. भंगार गेलं, आग विझवायचं नळकांडं भिंतीवर आलं, कोण काय करणार हे ठरलं. आणि मित्रांनो, त्याच धांदलीत मी घडले. दादाने माझा सांधा न् सांधा घासून गुळगुळीत केला. बसणाऱ्याला शिवण टोचू नये म्हणून वहिनीने माझी बैठक पुन्हा पुन्हा उसवून शिवली. आधी माझ्यावर वाळूची पोती ठेवली, मग जाडजूड लेथवाल्याला बसवून पायरीवरून उतरवलं.

“हळू रे, माझं नाव आहे प्रस्तावात!” तो ओरडला. सगळे पोट धरून हसले. मी मात्र डगमगले नाही.

इस्पितळात माझी तपासणी झाली. एक डॉक्टरीणबाई माझ्या हातावरून हात फिरवत म्हणाल्या, “किती सुबक काम आहे!” मी फुलून गेले. पण एवढं मोठं काम पूर्वी केलेलं नाही म्हणून दादाचा प्रस्ताव मागे पडला आणि काम एका बड्या कंपनीला मिळालं. त्यावर दुसरी कंपनी कोर्टात गेली. सगळंच थांबलं. नव्या खुर्च्या आल्या नाहीत. आम्ही नमुने पुरावा ठरलो, म्हणून माझ्या चाकांत दोरी ओवून त्यावर लाखेचं सील लावलं आणि मला इस्पितळाच्या स्टोअरमध्ये जाळीच्या दाराआड कोंडलं.

जाळीतून मला लांबलचक व्हरांडा दिसतो. माणसं भिंतीला धरून चालतात, वाटेत खाली बसतात. मी बघत राहते.

बऱ्याच काळाने एके दुपारी वहिनी मला न्यायला आली. कारागीर केव्हाच दुसरीकडे गेले होते, हे तिच्याच तोंडून कळलं.

“ताई, निकाल लागेपर्यंत नाही देता येणार. सील तुटलं तर माझी नोकरी जाईल,” स्टोअरकीपर म्हणाला.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन आला. तिचे सुजलेले पाय लोंबकळत होते. “कुठे खुर्ची मिळेल का हो?” त्याने विचारलं.



“मला परत नको ती,” वहिनी घाईघाईने म्हणाली. “ह्या आजींना तरी बसू द्या हो तिच्यावर!”

“मला काय वाटत नाही का, ताई? पण माझ्या हातात काही नाही.”

वहिनीने जाळीला हात लावला, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती वळली आणि म्हातारीचे दोन्ही पाय हातांवर अलगद तोलून घेत त्या माणसाबरोबर चालू लागली. मला चार हात अंतरही पुढे जाता आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत एखादी वस्तू नुसती जपून ठेवलेली असेल, तर तिला बाहेर काढा. ती झिजली तर झिजू द्या. आम्हाला झिजण्याची भीती वाटत नाही. दाराबाहेर कुणी कण्हत असतं आणि आम्ही कोऱ्या करकरीत उभ्या असतो, ते मात्र सोसवत नाही.