फितीचा तुकडा

नंद्याला रेडिओत नोकरी पायजे व्हती. माझ्या थोरल्या भैनीचा पोरगा, कालिजात शिकलेला. शहरातला साहेब म्हनला म्हनं, दुष्काळी कामावरच्या मानसांचं बोलनं भरून आन, मग नोकरीचं बघू. आला की आमच्या सांगोल्याकडच्या खडीकेंद्रावर, खांद्याला ती आवाज भरायची फितीची पेटी अडकवून.

मी म्हनलं, "बोलते, पन माझ्या यशोदाचं नाव रेडिओवर यायला पायजे."

यशोदा माझी लेक. पोटुशी व्हती, दिस भरत आलेले, तरी खडी फोडायची. एके दिशी पान्याचा टँकर आलाच न्हाय. ऊन डोक्यात गेलं, आन् हातोडी हातात तशीच धरून आडवी झाली, ती उठलीच न्हाय. मुकादमानं हजेरीला 'आजारी' लावलं. पान्यावाचून मेली असं कुनी कुटं म्हनलंच न्हाय. माझा जीव त्याच्यापायी जळत व्हता.

नंद्या म्हनला, "मावशे, आदी पेटी नीट चालती का बघू. एखादी ओवी म्हन."

मला मेलीला कसली ओवी सुचतीया? पन पोराचं काम, म्हनून जात्यावरची एक म्हनली. मग यशोदाचं सगळं सांगितलं. नाव दोन-दोनदा घेतलं.

पुढच्या म्हैन्यात पंचायतीच्या रेडिओपुढं गाव गोळा झालं. नंद्याचा आवाज आला, "कष्टातही गाणाऱ्या या माता." माझी ओवी लागली, आन् ती सरली तसे बाजारभाव सुरू झाले. मी म्हनलं, थांबा, अजून हाय. बाया म्हनल्या, "दगडाबाई, गळा लई ग्वाड हाय की तुझा." आग लागो त्या गळ्याला.

मग नंद्या पेढे घेऊन आला. नोकरी लागली व्हती. भैन संगं व्हती, म्हनून पेढा तोंडात घातला, आन् इचारलं,

"माझी यशोदा कुटं गेली रं?"

त्यानं मान खाली घातली. "साहेबानं कापाय लावली, मावशे. फीत कात्रीनं कापत्यात. मीच कापली."

"आन् कापलेला तुकडा?"

"तितंच खाली पडतो. सकाळी झाडून टाकत्यात."

लई शिव्या द्यायच्या ठरवल्या व्हत्या.

"मग त्यो तुकडा तरी उचलून आनायचास की," मी म्हनलं. "तिचं नाव व्हतं त्यात."