अंबूबाईच्या बोटांतलं रगत

महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला हिवाळ्यात दहिवर गोठतं. स्ट्रॉबेरी तोडायला बायका उजाडताच सरीत उतरतात, आणि अंबूबाईची बोटं नेमकी तेव्हाच मरायची. आधी टोकं पांढरीफट्ट, मग निळी. ऊन चढलं की लालबुंद होऊन अशी ठणकायची, की तिला हातातला ट्रे खाली ठेवावा लागे. तीन हिवाळे तिनं ते पदराखाली झाकलं. मग एकदा शेजारच्या सरीतल्या राणीनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून न्याहारीला अंबूबाईची चटणी कुणी घेईना. हा पसरणारा रोग असावा, असं सगळ्यांनी मनात धरलं.

नवरा नाथाजी फौजेतून परतलेला. बर्फात बोटं गमावलेले जवान त्यानं पाहिले होते. त्यानं तिला एसटीत बसवून कराडला डॉक्टर भाग्यश्रींकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तिच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला, वर बारीक दुर्बीण टेकवली आणि समोरच्या पडद्याकडे बघायला सांगितलं. गुलाबी धुक्यात केसांच्या आकड्यांसारख्या वाहिन्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांतून रक्ताचे कण एकामागं एक चढत होते, वळत होते, उतरत होते. कसलीच घाई नव्हती. अंबूबाई बघतच राहिली. खोली, खुर्ची, शेजारी बसलेला नाथाजी, सगळं तिच्यापासून दूर गेलं.

"ही मीच व्हय?"

"तुम्हीच."

मग बाईंनी तिचा हात गार पाण्यात बुडवायला लावला, पुसला आणि पुन्हा दुर्बिणीखाली घेतला. कण रेंगाळले. थांबले. काही आकडे धुक्यात विरून गेले. अंबूबाईनं श्वास रोखला.

बाई हळू आवाजात सांगत होत्या. या केशवाहिन्यांच्या आधी ज्या बारीक धमन्या असतात, त्यांना स्नायूचं कडं असतं. थंडीत ते आवळतं, म्हणजे आतल्या काळजाला ऊब पुरते. सगळ्यांचंच आवळतं, तुमचं फार जोरात. मग बोटाला प्राणवायू कमी पडला, की तिथलं मांसच त्या कड्याला सैल व्हायला लावतं. वाहिन्यांची ठेवण नीट होती, आधी करून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीतही काही निघालं नव्हतं. आत मोठा आजार दिसत नव्हता.

पडद्यावर एक कण हलला. त्यामागं दुसरा. अंबूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

लोकरी हातमोजे घालून ती पुन्हा रानात गेली. तरी त्या गारठ्यात दोन बोटं पांढरी पडलीच. तिनं हातमोजा काढला आणि हात सगळ्यांपुढं धरला.

"ह्यो पसरणारा रोग न्हाई. थंडीत बोटाला रगत उशिरा पोचतंय, येवढंच."

मग राणी सरी ओलांडून आली. तिनं ती बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली आणि खाली मान घालून उभी राहिली. तिच्या हातांची ऊब अंबूबाईला आधी कळलीच नाही. मग मुंग्या आल्या, मग हलका ठणका. डोळे मिटले तसे तिला ते कण दिसू लागले, सावकाश वळण घेत वर येणारे.

"आलं बगा रगत, अंबूवैनी," राणी म्हणाली. तरी तिनं हात लगेच सोडला नाही.