खाणीवरची पायवाट

बोगद्याच्या मधोमध बस थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. समोरून दगड भरलेली एक पिकअप आपली पाळी यायची वाट न बघताच आत घुसली होती. एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच तो बोगदा. ती पिकअप उलटी चालत पार पलीकडच्या तोंडापर्यंत मागे जाईल, तेव्हाच आता बस हलणार होती.

सेवेरो खिडकीशी बसला होता. काचेपासून वीतभर अंतरावर डोंगराचा दगड होता आणि त्यावर जुन्या छिन्नीचे घाव होते. त्यानं डोळे मिटून घेतले. मिटल्यावर ते घाव अधिकच स्पष्ट दिसायला लागले.

“इंजिनिअर, बसल्या बसल्या बोगदा मोजून टाका की,” मागच्या बाकावरून एफ्राइन म्हणाला. बसमधले सगळे हसले.

सेवेरो काही इंजिनिअर नव्हता. मातेउआलाच्या नगरपालिकेत, जमीन-मोजणीच्या खात्यात तो छत्तीस वर्षं कारकून होता. लोकांच्या भिंती, विहिरी, भावाभावांतले बांध त्यानं मोजले होते, आणि त्याची मोजणीची साखळी कधी चुकली नाही म्हणून खात्यातली पोरं त्याला इंजिनिअर म्हणत. खात्याची सहल दर वर्षी निघे. रेआल दे कातोर्से, वर डोंगरातलं चांदीच्या खाणींचं ते जुनं गाव, तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी सहल तिथेच जाई. त्या त्या वर्षी सेवेरोची दाढ तरी दुखे, नाहीतर लांबचा कुणी मावसभाऊ तरी मरे. या वर्षी मात्र सुटका नव्हती. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता आणि ही सहल त्याच्यासाठीच होती. साहेबांनी घरी फोन केला तेव्हा तो त्याच्या बायकोनं, चोनानं घेतला, आणि त्याला न विचारताच हो म्हणून टाकलं.

चोनानं आता त्याच्या हातावर हात ठेवला.

“कानाला दडे बसलेत का?” तिनं विचारलं.

त्यानं हो म्हणून मान हलवली. आपल्या कानाला नेहमी दडे बसतात, डोंगरावर गेलं की तर फारच, हे लग्नानंतर त्यानं तिला सांगितलं होतं. तारुण्यात तो वर खाणीत होता, तिथे त्याचा एक सोबती दगावला, एवढंही तिला ठाऊक होतं. त्यापुढे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

वीस मिनिटांनी बस हलली आणि उन्हात बाहेर आली. चढणीचे दगडी रस्ते, छपरं उडालेली घरं, मधोमध चर्चचा घुमट, आणि पर्यटकांना फिरवायला उभे केलेले घोडे. सेवेरोनं घुमटाकडे एकदा पाहिलं आणि नंतर दुपारपर्यंत मान वर केली नाही. सगळे चर्चमध्ये गेले तेव्हा तो दारात थांबला. टांकसाळीच्या जुन्या इमारतीत गेले तेव्हा तो पायरीवर बसला. निघायच्या वेळेला अजून किती अवकाश आहे हे तो सारखं घड्याळात बघत होता. संध्याकाळी पाचला बस सुटायची होती, आणि तिच्याशिवाय खाली जायला त्याच्याकडे दुसरी वाट नव्हती.

जेवायला मंडळी एका दगडी तळघरासारख्या खाणावळीत शिरली. सेवेरो उंबऱ्यापाशीच अडला. मला वर मोकळ्या हवेत काहीतरी खाऊ दे, असं तो पुटपुटला. चोना त्याच्याबरोबर निघाली. गल्लीच्या चढावर, गावाच्या शेवटच्या घरांपाशी एक म्हातारी तव्यावर मक्याच्या जाड भाकऱ्या भाजत बसली होती. त्या चिरून ती आत निवडुंगाची भाजी नाहीतर घेवडा भरून देत होती. पाठीमागे पडक्या घराची भिंत, भिंतीला टेकून एक बाक, वर पत्रा. चोना म्हाताऱ्या बायकांशी पटकन जमवून घेई. भाजीत तिखट किती, इथे पाणी कुठून येतं, आमचे हे मोजणी खात्यात आहेत, आता निवृत्त होतायत, असं तिचं सुरू झालं.

सेवेरो बाकाशी आला. बसण्याआधी त्यानं बोटांच्या पेरांनी भिंत दोन ठिकाणी ठोकली, कान देऊन ऐकलं, वर पत्र्याच्या आढ्यावरही एकदा ठोकलं, आणि मग बसला.

“हे कुठेही गेले की असंच करतात,” चोना हसत म्हणाली. “आमच्या लग्नात मांडवाचा खांबसुद्धा ठोकून बघितला होता.”

म्हातारी हसली नाही. तिच्या हातातला भाकरीचा गोळा तसाच राहिला. तिनं सेवेरोकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे, टकलाकडे, परत तोंडाकडे.

“काडी,” ती म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांत त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. ते नाव खाणीतल्या त्या सोबत्यानं, नासारियोनं ठेवलेलं. तेव्हा सेवेरो एकोणीस वर्षांचा होता, आणि इतका किडकिडीत की खाणीतल्या अरुंद फटीत नासारियो त्यालाच पुढे घाली.

“दोन्या तोमासा,” सेवेरो तेव्हाच्याच मानाच्या हाकेनं म्हणाला. तो उठून उभा राहिला.

“बस. जाड झालायस की रे. पण भिंत ठोकल्याशिवाय अजून बसवत नाही तुला.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग चोनाकडे वळून, जसं कुणी शेजाऱ्याची ओळख करून देतं तसं, ती म्हणाली, “हा माझ्या नवऱ्याबरोबर सान ग्रेगोरियोच्या खाणीत होता. त्या दिवशी दोघंच होते आत.”

चोना बाकाच्या टोकाला बसली.

तोमासानं दोघांसमोर ताटल्या ठेवल्या. सेवेरोनं घास तोडला आणि तसाच परत ठेवला. म्हातारी तव्याकडेच बघत होती.

“तो एका क्षणात गेला, असं तू सांगितलं होतंस,” ती म्हणाली. “पंचासमोर सांगितलंस, पाद्र्याला सांगितलंस. मला तू सांगितलंच नाहीस कधी. आता सांग. पण खरं सांग.”

सेवेरोनं चोनाकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. उठून जावं तर खाली गल्लीत एफ्राइन आणि मंडळी होती, आणि वरच्या अंगाला तो डोंगर होता. त्यानं ताटली खाली ठेवली आणि सांगितलं.

पहिला दगड पडला तेव्हा नासारियोचा फक्त पाय अडकला होता. तो शुद्धीवर होता, शिव्या देत होता. वळणापाशी पहार ठेवलीय ती आण, दगड उचकटू, असं तो म्हणाला. सेवेरो पळत वळणापाशी गेला. पहार हातात घेतली. तेवढ्यात वरून माती गळायला लागली, लाकडाचे टेकू करकरले, आणि समोर, लांब, खाणीच्या तोंडात ऊन दिसलं. तो परत फिरला नाही. उन्हाकडे पळाला. मागून नासारियो हाका मारत होता. तो तोंडाशी पोचला न पोचला तोच मागे सगळं खाली आलं.

हे सगळं त्यानं सपाट आवाजात सांगितलं, कचेरीत एखाद्या प्लॉटचा अहवाल वाचावा तसं. दुसरं कसं सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

“काय हाका मारत होता?” तोमासानं विचारलं.

“काडी, पहार आण. एवढंच.”

“माझं नाव?”

खोटं बोलणं सोपं होतं. ते शब्द त्याच्या ओठांवर आलेही.

“नाही,” तो म्हणाला.

तोमासानं भाकरी उलटली. ती करपली होती. तिनं ती बाजूला काढून ठेवली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तू बाहेर आलास तेव्हा मी डबा घेऊन तिथेच उभी होते. तुझ्या हातात पहार होती. माणूस एका क्षणात गेला, तर कोण कुणासाठी पहार आणायला जाईल?”

एक्केचाळीस वर्षं रात्रंदिवस जे त्यानं जिवापाड जपलं, ते या बाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” त्यानं विचारलं.

“त्याचे भाऊ होते तिथे. चिडलेली माणसं. तू एकोणीस वर्षांचा होतास, आणि पँट ओली झाली होती तुझी.” तिनं तवा फडक्यानं पुसला. “पुढे मला पश्चात्ताप झाला न बोलल्याचा. खूप वर्षं झाला. तुला शिव्या घालत मी भांडी घासायचे. पण तू चौथ्या दिवशी गावातून गेलास तो गेलासच.”

मग चोना बोलली, पण तोमासाशी नाही.

“छत्तीस वर्षं तुझ्या कानात मी कोमट तेल घालतेय,” ती नवऱ्याला म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

तव्याखालचा जाळ तोमासानं पाणी शिंपडून विझवला. पदार्थांवर फडकं टाकलं. नऊ दिवस लोकांनी खणलं, ती सांगायला लागली. मग कंत्राटदारानं हात वर केले आणि खाणीचं तोंड विटांनी बुजवलं. दर वर्षी मृतांच्या दिवशी ती त्या विटांपुढे झेंडूची फुलं आणि मेणबत्ती ठेवते.

“पण तो काय दारात बसलेला नाही,” ती म्हणाली. “आत कुठेतरी आहे. किती आत, कुठल्या अंगाला, हे माहीत असलेला जगात एकच माणूस आहे. तुझी बायको म्हणते तू जमिनी मोजतोस. मग मला मोजून दे.”

सेवेरोला कुठल्याही कागदाची गरज नव्हती. कचेरीत काम नसलं की जुन्या अर्जांच्या पाठीवर तो ती खाण काढत बसे आणि काढून झाली की फाडून टाके. एकशे अठरा मीटर सरळ. मग वळण, डाव्या हाताला. त्यापुढे एकतीस.

“दोरी आहे का?” त्यानं विचारलं.

तोमासानं कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. सेवेरोनं ती हातांनी मापून दहा मीटरवर गाठ मारली. खाणीचं तोंड शंभरेक पावलांवर होतं. विटांवर शेवाळ चढलं होतं आणि खाली मागच्या वर्षीच्या मेणाचा ढीग होता. सेवेरो विटांना पाठ लावून उभा राहिला आणि समोर बघितलं. खाली गावात चर्चचा घुमट अगदी नाकासमोर होता. आत काम करताना मागे वळून पाहिलं की खाणीच्या तोंडात तो घुमट चौकटीत लावलेल्या तसबिरीसारखा दिसे, आणि वळण येईपर्यंत दिसत राही. म्हणजे वर चढताना घुमट आणि खाणीचं तोंड एका रेषेत ठेवलं, की पायाखाली खाणच असणार.

दोरीचं एक टोक धरायला माणूस हवा होता. सेवेरोनं इकडे तिकडे पाहिलं. चोना पुढे आली आणि तिनं टोक हातात घेतलं.

“आडवी धर,” तो म्हणाला. “उतारावर टेकवायची नाही. मी वरच्या अंगाला जमिनीशी धरतो, तू खाली हात उंच करून माझ्या पातळीत धर. आणि तुझ्या हातातून दगड सोड. तो आधीच्या खुणेवर पडला पाहिजे.”

पहिल्या दोन वेळा दगड भलतीकडेच पडला. मग तिला जमलं. असं एकेक दोरी करत दोघं चढायला लागले. निवडुंग टाळायला सेवेरोला दोनदा रेषा सोडावी लागली. दोन्ही वेळा तो बाजूनं मोजून बरोबर रेषेवर परत आला. त्याचा श्वास फुलला होता, पँटला काटे लागले होते. प्रत्येक दोरीला तो मागे वळून घुमट बघे. तोमासा हाताची घडी घालून मागून येत होती. अकरा दोऱ्या आणि वर आठ मीटर झाल्यावर तो डावीकडे वळला. आता चढ नव्हता. डोंगराच्या कडेनं सपाटी होती. वळणाचा कोन त्यानं हातांनी धरला, डोळा बारीक केला, कोपर थोडं आत घेतलं, आणि मग नक्की झाल्यावर चालू लागला. एक दोरी. दुसरी. तिसरी. त्यावर एक मीटर.

खाली चौकातून बसचा हॉर्न वाजला. पाच वाजत आले होते.

सेवेरो थांबला त्या ठिकाणी दोन हात रुंदीची एक पायवाट होती. चालून चालून तिच्यातले दगड गुळगुळीत झाले होते. एका बाजूला ती सार्वजनिक नळाकडे उतरत होती आणि दुसऱ्या बाजूला एका निळ्या दाराच्या घराकडे जात होती.

“इथे,” तो म्हणाला.

तोमासा आली आणि खाली बघत राहिली. मग तिनं नळाकडे पाहिलं, मग त्या निळ्या दाराकडे.

“ही माझी पाण्याची वाट आहे,” ती म्हणाली.

सेवेरोनं मान खाली घातली.

“रोज दोन खेपा. पाहुणे असले की चार.” तिनं पुन्हा पायाखाली पाहिलं. “किती खाली?”

“तो घुमट दोनदा एकावर एक ठेवला तर, तेवढं.”

बसचा हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. खाली कुणीतरी इंजिनिअर, इंजिनिअर अशा हाका मारत होतं. चोना जवळ आली. ती सेवेरोच्या शेजारी उभी राहिली नाही, पण हातभर अंतरावर बसून त्याच्या पँटला लागलेले काटे एकेक करून काढायला लागली.

तोमासा अजून खालीच बघत होती. आपण बरोबर त्या जागेवर उभ्या आहोत, हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. ती एक पाऊल बाजूला सरकली, खांद्यावरची शाल सारखी केली, आणि वाटेच्या कडेला उभी राहिली.